बाइकचा सेल्फ उचलत नाही म्हणून लगेच नवीन बॅटरी आणू नका, आधी हे तपासा

पुण्यात पावसाळा लागला की पार्किंगमध्ये सकाळी सकाळी तो आवाज सुरू होतो, कट कट कट कट, आणि मग गाडी ढकलत गल्लीच्या टोकाला. गॅरेजवाला बटण एकदा दाबून बघतो, "बॅटरी गेली साहेब" म्हणतो आणि नवीन टाकतो. कधी कधी ती खरंच गेलेली असते. पण कधी कधी महिनाभरात नवीनसुद्धा बसते, कारण मूळ लोचा चार्जिंगचा होता आणि तो कोणी बघितलेलाच नसतो. म्हणून आधी मल्टीमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं छोटं यंत्र, घ्या. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत साधा डिजिटल स्वस्तात मिळतो, या कामाला तो भरपूर झाला.

त्याआधी फुकटातली तपासणी. किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण, चालू आहे का बघा (हसू नका, पोरं जाता येता दाबून जातात), साइड स्टँड वर आहे का, क्लच दाबलाय का. मग हॉर्न वाजवा. हॉर्न चिरका, इंडिकेटर मरतुकडे आणि सेल्फ दाबला की मीटरचं घड्याळ रीसेट, तर संशय बॅटरीवर किंवा सैल झालेल्या टर्मिनलवर. हॉर्न खणखणीत आहे पण सेल्फ दाबल्यावर नुसतं एकदा टक होतंय, तर रिले (सेल्फ मोटरला करंट सोडणारा स्विच) नाहीतर सेल्फ मोटरचे कार्बन (आतले ब्रश) बघा, बॅटरीचे पैसे वाया घालवू नका.

आता मल्टीमीटर. डीसी २० व्होल्टवर ठेवायचा, लाल पिन बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. हे सकाळी गाडी चालू करायच्या आधी करायचं, कारण नुकतीच फिरवून आणलेली बॅटरी खोटा जास्त आकडा दाखवते. १२.६ किंवा वर म्हणजे फुल चार्ज, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. उतरलेली म्हणजे मेलेली नव्हे, हा फरक महत्त्वाचा, ती आधी चार्ज करून बघा. चार्जरचा करंट एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) एक दशांश ठेवायचा, ५ एएचच्या बॅटरीला अर्धा अँपिअर, कारचा मोठा चार्जर लावून शिजवू नका. आणि चार्ज करूनही आकडा साडेदहाच्या आसपासच अडकला तर विषय संपला, कारण आत सहा सेल असतात प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे, त्यातला एक गेला.

व्होल्टेज ठीक दिसतंय तरी सेल्फ रडतोय? मग पिना लावलेल्याच ठेवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा साडेनऊ-दहाच्या खाली कोसळत असेल तर बॅटरीत दम राहिलेला नाही. तीन-चार वर्षं झाली असतील तर तिची तक्रारही करू नका.

सगळ्यात महत्त्वाची टेस्ट ही, आणि हीच कोणी करत नाही. गाडी चालू करून ॲक्सिलरेटर थोडा पिळा, आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान गेला पाहिजे. रेस करूनही बारावरच बसला असेल तर बॅटरीला चार्जच मिळत नाहीये, आरआर युनिट (चार्जिंगचं व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) किंवा कॉइल प्लेट (इंजिनवर वीज तयार करणारी) तपासा, आणि त्याआधी त्यांचे कनेक्टर, ते जळून काळे पडलेले सापडतात. १५ च्या वर जात असेल तर आरआर युनिट गेलंय, ते बॅटरी फुगवून मारणार, नवीन टाकली तरी.

चार्जिंगही बरोबर आणि तरी दोन दिवस उभी राहिली की गाडी झोपते, तर कुठेतरी करंट पितंय. जीपीएस, अलार्म, डायरेक्ट जोडलेला मोबाइल चार्जर, हे आधी काढून बघा. आणि रोज फक्त डेक्कन ते लक्ष्मी रोड एवढंच फिरवत असाल, दर सिग्नलला बंद करून परत सेल्फ मारत असाल, तर जेवढं खर्च होतं तेवढं परत भरतच नाही. त्यात एप्रिल २०१७ पासूनच्या नवीन गाड्यांना हेडलाइट बंद करायची सोयच नाही.

बदलायचीच ठरली तर जुनीवरचा नंबर आणि प्लस कुठल्या बाजूला आहे याचा फोटो काढून नाना पेठेत जा, प्लस उलट्या बाजूला असला तर वायर पुरत नाही. उत्पादनाची तारीख विचारा, दुकानातच व्होल्टेज मोजून घ्या, १२.४ च्या खाली असेल तर दुसरी मागा. वॉरंटी कार्डावर शिक्का घ्या. जुनी बॅटरी सोबत न्या, तिचे पैसे वजा करून मिळतात, आणि आत शिसं-ॲसिड असतं त्यामुळे ती कचऱ्यात टाकायची वस्तूच नाही.

काढताना इग्निशन बंद, आधी मायनस, मग प्लस. बसवताना आधी प्लस, मग मायनस. मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना चासीला टेकला तर ठिणगी उडते, म्हणून हा क्रम. टर्मिनलमधला तो चौकोनी नट स्क्रू लावताना खाली सरकतो आणि मग अर्धा तास त्याच्याशी झटापट, त्याच्याखाली स्पंजचा छोटा तुकडा कोंबा, नट वर राहतो आणि स्क्रू पहिल्या फटक्यात धरतो. वायरच्या टोकावर पांढरा-हिरवा थर असेल तर खायचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या ब्रशने घासा, पूर्ण कोरडं करा, घट्ट आवळल्यावर वरून थोडं व्हॅसलीन. मग गाडी चालू करून चार्जिंगचा आकडा परत एकदा बघून घ्या आणि मगच सीट लावा.

एफआय (फ्युएल इंजेक्शन) गाडीवाल्यांनो, बॅटरी पूर्ण झोपली तर धक्का मारून उपयोग नाही, पेट्रोलचा पंपच चालत नाही. त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर मायनस काढून ठेवा.