खान्देशी खजिन्याचा गेम आरपीजी मेकर एमझेडमध्ये बसवताना

आरपीजी मेकर एमझेड म्हणजे नकाशे, पात्रं आणि लढाया जोडून गेम बनवायचं सॉफ्टवेअर. त्यात खजिना शोधायचा पहिला गेम करताना तीनच ठिकाणं घ्या. धुळ्याजवळचा लळिंग किल्ला, तापीकाठचं थाळनेर आणि चाळीसगावजवळची पाटणादेवी पुरेशी आहेत. थाळनेर खान्देशावर राज्य केलेल्या फारुकी घराण्याची सुरुवातीची राजधानी, तर पाटणादेवीच्या पाटणच्या शिलालेखात गणिती भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा उल्लेख. म्हणजे पहिली पेटी नाण्यांची आणि शेवटची आकड्यांच्या कोड्याची, हे आपसूकच ठरतं. जळगाव-धुळे-नंदुरबार अख्खे काढायला बसाल तर नकाशे रंगवण्यातच पावसाळा जाईल.

सगळ्यात आधी मराठी अक्षरं नीट दिसतात का ते पाहा. देवनागरी फॉन्टची फाइल फॉन्ट्स फोल्डरमध्ये टाका आणि डेटाबेसच्या सिस्टिम २ या टॅबमध्ये मुख्य फॉन्ट म्हणून तिचं नाव द्या. आता एखाद्या गावकऱ्याच्या तोंडी अहिराणीत 'कथा जाई ऱ्हायना भो?' (कुठे चाललास भाऊ?) घाला. मेनूमधली नावं ठीक दिसतील, पण संवादात 'ऱ्हा'चे तुकडे पडतील आणि काना वेगळा लोंबेल. मेनूत पूर्ण शब्द एकदम काढला जातो, संवादात एकेक चिन्ह सुटं, म्हणून असं होतं. उपाय सोपा आहे: ओळीच्या सुरुवातीला \> लिहा, म्हणजे ती ओळ एका दमात उमटते. नवी ओळ लागली की हा परिणाम संपतो, त्यामुळे चार ओळींचा संवाद असेल तर चारही ओळींना तो द्यावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण अहिराणी वाचायची तर टाळता येत नाही.

आता लढाई. एमझेडचं मूळ सूत्र असं: मारणाऱ्याचा अटॅक गुणिले ४, वजा समोरच्याचा डिफेन्स गुणिले २. त्यात २० टक्के कमीजास्त होतं. नायकाचा अटॅक २० आणि शत्रूचा डिफेन्स ४० असला की नुकसान शून्य. 'हा राक्षस मरतच नाही' अशी तक्रार आली की आधी हाच आकडा तपासा.

गंमत संवादात कमी आणि टर्नमध्ये, म्हणजे लढाईतल्या पाळ्यांमध्ये, जास्त भरा. उदाहरणार्थ जळगावजवळच्या आसोद्याचं वांगं शत्रू करा: एचपी (जीव) १४०, डिफेन्स ३०. अटॅक २० असलेल्या नायकाचा घाव सरासरी २० चा, म्हणजे सात घाव. आता 'भाजणे' हे स्किल बनवा. त्याने थेट नुकसान करायचं नाही, फक्त 'भाजलेलं' ही स्टेट (काही टर्न टिकणारी अवस्था) लावायची आणि त्या स्टेटमध्ये डिफेन्स ५० टक्के करायचा. डिफेन्स १५ झाला की तोच घाव ५० चा बसतो. एक टर्न भाजण्यात गेला, मग तीन घावांत भरीत! आधी कपाशीच्या काड्यांवर भाजायचं आणि मग ठेचायचं, हे इथल्या खेळणाऱ्याला सांगावंही लागत नाही.

यात दोन चुका हमखास होतात. स्टेटचा कालावधी ३ टर्न ठेवला तर भाजलेला टर्नही त्यात मोजला जातो आणि तिसरा घाव कच्च्या वांग्यावर पडतो, म्हणून किमान आणि कमाल दोन्हीकडे ४ लिहा. दुसरी चूक म्हणजे बाकीच्या शत्रूंना या स्टेटचा दर शून्य टक्के न देणं. काहीच लिहिलं नाही तर तो १०० टक्के धरला जातो, आणि मग किल्ल्याचा दगडी पहारेकरीही भाजून मऊ पडतो.

औषधं घरचीच ठेवा. कळण्याची भाकरी एकाला बरं करते. खापरावरचे मांडे सगळ्यांना बरं करतात, पण त्या आयटमचा स्पीड उणे ३० ठेवा. चपळाई २० असली तर टर्नचा क्रम २० अधिक ० ते ९ असा ठरतो आणि आयटमचा स्पीड त्यातच मिळवला जातो, त्यामुळे साधारण तेवढ्याच चपळाईच्या शत्रूंपुढे मांडे शेवटीच येतात. मांड्यांना वेळ लागतोच.

खजिन्याची पेटी नकाशावर बसवताना तिच्या इव्हेंटचं (तिथे काय घडायचं त्या नोंदीचं) दुसरं पान करा, त्याला सेल्फ स्विच 'ए'ची, म्हणजे त्या पेटीपुरत्या चालू-बंद खुणेची, अट घाला आणि पहिल्या पानाच्या शेवटी तो स्विच चालू करा. हे विसरलात तर एकाच पेटीतून माणूस दिवसभर सोनं काढत बसेल. रिकाम्या पेटीचं चित्रही त्या दुसऱ्या पानालाच द्यायचं.

मित्रांना वेब आवृत्ती देताना फोल्डर नुसतं पाठवू नका. इंडेक्स फाइलवर डबल क्लिक केलं तर ब्राउझर बाकीच्या फाइली उघडू देत नाही, त्यासाठी सर्व्हर लागतो. फाइलींची नावं रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरांत ठेवा. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही, बऱ्याच सर्व्हरना पडतो. तुमच्याकडे धावणारं वांगं दुसऱ्याच्या मोबाइलवर लोडच होत नाही, ते बहुधा एका मोठ्या अक्षरापायी.