ट्रेलर उलाळ होऊ देऊ नका: मिशिगनहून फ्लोरिडाला जाताना

दिवाळीच्या चकल्यांचा डबा तळाला लागला की आम्ही थंडी टाळायला फ्लोरिडाला निघतो. मी ६७ वर्षांची, सगळी नोकरी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत मोजमाप करण्यात गेली. ह्यांनी गुडघ्यांपायी लांबचं ड्रायव्हिंग सोडलं, त्यामुळे गाडी माझ्या हातात. पुढे पिकअप, मागे राहायची सोय असलेला २४ फुटी ट्रेलर. डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉयमधून आय-७५ महामार्ग धरायचा आणि फ्लोरिडा येईपर्यंत सोडायचा नाही. यंदा ओळखीतली दोन जोडपी पहिल्यांदाच निघताहेत. दोघांना फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून लिहूनच काढते.

आधी वजन. ट्रेलर विकणारा म्हणाला होता, "तुमची पिकअप नऊ हजार पौंड ओढते, आरामात जाईल." ते खोटं नव्हतं, अर्धवट होतं. गाडी किती ओढते हे वेगळं आणि तिच्या पाठीवर किती भार चालतो हे वेगळं. हा दुसरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. आमचा १,४८० पौंड. आता हिशेब बघा. सामानासकट ट्रेलर ५,२००. त्याच्या १० ते १५ टक्के भार हिचच्या (पिकअपला ट्रेलर जोडणाऱ्या सांध्याच्या) गोळ्यावर यायला हवा. १३ टक्के धरले तर ६७६. आम्ही दोघं ३१०. हिचचं लोखंड ९०. मागच्या हौद्यात खुर्च्या, जनरेटर, हत्यारं मिळून २५०. झाले १,३२६. म्हणजे नऊ हजार ओढणाऱ्या गाडीत माझ्या वाट्याला उरले १५४ पौंड, आणि त्यात वर्षभराची डाळ-तांदूळ भरायची सवय! पाण्याचं तर बोलूच नका. एक गॅलन पाणी सव्वाआठ पौंडांच्या वर भरतं, ४० गॅलनची टाकी भरून निघालात तर सव्वातीनशेच्या वर पौंड उगाच फिरवता. टाकी मुक्कामावर भरा.

आणि वजन कुठे ठेवता, हे तर त्याहून महत्त्वाचं. पहिल्या वर्षी मी तांदळाची पोती, कुकर, ह्यांची हत्यारपेटी असं सगळं ट्रेलरच्या मागच्या कपाटात कोंबलं, कारण तिथे जागा होती. ओहायोत एक मोठा ट्रक शेजारून गेला आणि ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागला. अशा वेळी पिकअपचा ब्रेक दाबायचा नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि डॅशबोर्डखालच्या कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे. मला हे शिकवलेलं होतं म्हणून वाचलो. पुढच्या विश्रांतिथांब्यावर उतरले तेव्हा पाय लटपटत होते, आणि आठवले सांगलीकडचे आजोबा. बैलगाडी भरताना ओरडायचे, "मागं नको, उलाळ होईल!" मागे ओझं झालं की जू वर उचललं जातं. ट्रेलरचंही तसंच. जड सामान चाकांच्या पुढच्या बाजूला, जमिनीलगत, दोन्ही अंगांना सारखं.

अंदाजावर जाऊ नका. महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर कॅट कंपनीचे वजनकाटे असतात. पिकअपची पुढची चाकं पहिल्या फळीवर, मागची दुसरीवर, ट्रेलर तिसरीवर अशी गाडी उभी करायची. तिन्हींचं वजन छापून हातात मिळतं. माझी पहिल्या वर्षीची चिठ्ठी अजून फ्रीजवर आहे.

टायरची नक्षी बघून फसू नका. ट्रेलरचे टायर झिजण्याआधीच आतून म्हातारे होतात. बाजूवर डीओटी अक्षरांनंतर ओळीच्या शेवटी चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की बदला. चाक काढून बसवलं असेल तर पन्नासेक मैलांनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने आवळा. सेफ्टीच्या साखळ्या हिचखाली एकमेकींवरून तिरक्या टाका, म्हणजे हिच सुटलाच तर ट्रेलरचं नाक त्या झोळीत पडतं, रस्त्यात रुतत नाही.

आता रस्ता. जुनी मंडळी तीन-तीनचा नियम सांगतात: दिवसाला ३०० मैलांच्या वर नाही आणि दुपारी तीनपर्यंत मुक्कामावर. शेवटचे दोन दिवस आम्ही तो थोडा ताणतो. गुरुवारी निघतो. पहिली रात्र डेटनच्या आसपास. शुक्रवारी सिनसिनाटी सकाळी दहानंतर ओलांडायचं, कारण ओहायो नदीवरचा पूल आणि त्यापुढचा केंटकीचा चढ गर्दीत नको. रात्री केंटकीतलं बेरिया. शनिवारी टेनेसीत शिरताच जेलिकोचा डोंगर लागतो. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. ब्रेकवर पाय ठेवून उतराल तर ब्रेक तापतील. मुक्काम अटलांटाच्या अलीकडे अलाटूना तलावाकाठी. हा मुक्काम मुद्दाम, म्हणजे अटलांटा रविवारी सकाळी ओलांडता येतं. तेव्हाही शहराच्या पोटातून जाऊ नका, आय-२८५ ची रिंग धरा. पुढे मेकनला आय-४७५ ने वळसा. संध्याकाळच्या आत फ्लोरिडातलं व्हाइट स्प्रिंग्ज येतं.

मिशिगनमध्ये नोव्हेंबरात रात्री पाणी गोठतं, म्हणून नळ्यांमधलं गुलाबी अँटिफ्रीझ जॉर्जिया येईपर्यंत काढू नका. तोवर टॉयलेटला पाण्याचे कॅन. नंतर नळ्या धुऊन टाकीत दर १५ गॅलनमागे पाव कप साधं ब्लीच घाला, ते प्रत्येक नळातून येऊ द्या, चार तास ठेवा आणि वास जाईपर्यंत धुवा. आणि गीझरचं विजेचं बटण पाणी भरल्याची खात्री झाल्याशिवाय दाबू नका. ह्यांनी एकदा दाबलं. दोन मिनिटांत कॉइल गेली, आणि चार दिवस आम्ही पातेल्यात पाणी तापवून अंघोळ केली.

विजेचाही हिशेब असाच. कॅम्पग्राउंडवरची ३० अँपिअरची जोडणी म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॉट, बस्स. हीटर १,५००, गीझर साधारण १,४००, विजेचा कुकर १,०००. तिन्ही एकदम लावले की अंधार. फोडणी घालताना छतावरचा पंखा आधी सुरू करा, नाहीतर मोहरी तडतडायच्या आत धुराचा अलार्म तडतडतो. मी तर फोडणी बाहेरच्या टेबलावरच करते. शेजारचे कॅनेडियन आजोबा वासावर येतात, पोळी खाऊन जातात. वांगी शेकोटीवर भाजा, पण लाकडं घरून आणू नका. ॲश झाडं मारणारा हिरवा भुंगेरा २००२ मध्ये आमच्याच डेट्रॉइटजवळ सापडला आणि लोकांच्या सरपणातून राज्याराज्यांत पसरला. जिथे जाळायचं तिथेच विकत घ्या.

कागदपत्रांत दोनच गोष्टी. नागरिक किंवा ग्रीनकार्डवाले असाल आणि ६२ पूर्ण असतील तर केंद्र सरकारचा, राष्ट्रीय उद्यानांत चालणारा सीनियर पास काढा. आयुष्यभरासाठी ८० डॉलर (२०१७ पर्यंत १० होता, आम्ही चुकलो). अलाटूनासारख्या ठिकाणी सरकारी कॅम्पग्राउंडचं भाडं त्याने निम्मं होतं. मात्र फ्लोरिडाच्या स्टेट पार्कला तो चालत नाही. तिथली जागा आपल्यासारख्या बाहेरच्यांना १० महिने आधी मिळते, स्थानिकांना ११, म्हणजे जानेवारीसाठी मार्चमध्येच संगणकासमोर बसायचं. दुसरं म्हणजे मूळ मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) देशभर चालतं, पण ॲडव्हांटेज प्लॅन (तोच विमा खासगी कंपनीमार्फत) असेल तर तातडीच्या उपचारांपलीकडे बाहेरच्या राज्यात काय मिळेल, हे फोन करून विचारा.

पोचल्यावर ट्रेलर मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. ट्रेलर डावीकडे जायला हवा तर हात डावीकडे न्या. एवढं समजायला मला मोकळ्या पार्किंगमध्ये तीन रविवार लागले. ह्यांना मागे उभं करते, फोन स्पीकरवर, आणि नियम एकच: मला आरशात तुम्ही दिसेनासे झालात की मी जागच्या जागी थांबणार. हाताचे इशारे बंद. त्यांचं "ये, ये" आणि "जा, जा" मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सारखंच दिसतं.

ओकालाजवळच्या सिल्व्हर स्प्रिंग्जला जाल तर नदीकाठी चक्क आपली लाल तोंडाची माकडं दिसतील. १९३० च्या दशकात बोटीच्या सफरी चालवणाऱ्या एकाने ती एका बेटावर आणून सोडली. त्याला वाटलं, माकडांना पोहता येत नाही. त्यांना खायला घालणं कायद्याने बंद आहे. मी तिथल्या उन्हात पापड वाळत घालायचा बेत पहिल्याच दिवशी सोडून दिला.