पायथन २ चं जुनं कोड ३ वर नेण्याआधी

बॅकअप, गिट, वेगळी ब्रँच. हे सगळ्यांना माहीत आहे, पुढे चला.

पहिलं खरं काम: कोडची एक ओळही न बदलता जुना प्रोग्राम जुन्याच पायथनवर, खऱ्या डेटावर चालवा आणि जे काही बाहेर पडेल ते जपून ठेवा. रिपोर्ट, सीएसव्ही, बँकेला जाणारी फाइल, सगळं. मधल्या कुठल्यातरी महिन्याचं ठेवून भागत नाही, मार्चअखेरीचं हवंच, कारण सगळ्यात विचित्र कोड वर्षातून एकदाच जागं होतं. मी हे केलं नव्हतं. एका पतसंस्थेचं व्याजाचं सॉफ्टवेअर होतं. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, तरी ते पुढेही मजेत चालत होतं. मी २टू३ (2to3, पायथन २ चं कोड ३ च्या रूपात बदलणारं साधन) फिरवलं, एकही एरर नाही, आणि त्याच उत्साहात जुना सर्व्हर फॉरमॅट करून टाकला.

पुढच्या महिन्यात सेक्रेटरींचा फोन आला. "साहेब, काही खात्यांना रुपया कमी पडतोय. सगळ्यांना नाही, काहींनाच." कारण राउंड, म्हणजे आकडा पूर्णांकात आणणारं फंक्शन. पायथन २ मध्ये अर्धा रुपया वर जातो, पायथन ३ मध्ये तो जवळच्या सम आकड्याकडे जातो. १५ हजारांच्या ठेवीवर ९ टक्क्यांनी महिन्याचं व्याज होतं ११२.५०. जुन्यात ११३, नव्यात ११२. आणि मी हातानं तपासलेलं खातं नेमकं ५ हजारांचं निघावं! ३७.५०, दोन्हीकडे ३८. मी खूश. २टू३ नं राउंडला हात लावला नाही, कारण ते फक्त लिहिण्याची रीत बदलतं; हिशेब बदलला हे त्याला कळण्याचं काही साधनच नाही. जुनं आउटपुट असतं तर दोन फाइलींचा डिफ, म्हणजे फरकांची यादी, काढून दहा मिनिटांत सापडलं असतं. ते शेवटी मिळालं सभासदांच्या पासबुकांत. दोन दिवस काउंटरमागे बसून मी पासबुकातले आकडे एक्सेलमध्ये भरत होतो आणि लोक वाकून बघत होते. तेव्हा परत सांगतो: आधी जुनं आउटपुट.

आउटपुटासोबत त्याच क्षणाचा डेटाबेस डंपही ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? प्रोग्राम आजची तारीख स्वतःच उचलत असेल तर दोन्ही वेळा मशीनचं घड्याळ एकाच दिवसावर लावून चालवा. डिक्शनरीतून छापलेल्या याद्या जुन्यात कशाही क्रमानं येतात, ३.७ पासून भरल्या क्रमानं. म्हणून आधी सॉर्ट, मग डिफ. नाहीतर हजार खोटे फरक दिसतील आणि तुम्ही कंटाळून खरा फरक सोडून द्याल.

२टू३ नव्या मशीनवर शोधत बसू नका. ३.१३ मधून ते काढून टाकलंय. २.७ सोबत आलेलंच वापरा. नुसतं चालवलं तर ते फक्त डिफ दाखवतं, तो वाचा. खरंच वाचा. त्याआधी २.७ ला '-3' हा पर्याय देऊन प्रोग्राम एकदा चालवा. २टू३ ला न जमणाऱ्या बऱ्याच जागा वॉर्निंगमध्ये दिसतात. त्यातली सगळ्यात घातकी म्हणजे भागाकार: ७ भागिले २ पूर्वी ३ यायचे, आता ३.५ येतात, आणि एररबिरर काही नाही. राउंड मात्र या वॉर्निंगमध्येही येत नाही. ते जुन्या आउटपुटाशिवाय पकडणं अवघड. ठेवलंत ना? पैशांसाठी पायथनमधला डेसिमल हा प्रकार वापरा आणि अर्धा वर न्यायचा हे त्याला स्पष्ट सांगा.

यंत्रानं केलेले बदल एका कॉमिटमध्ये, हातानं केलेले दुसऱ्यात. जुन्या चुका आत्ता दुरुस्त करू नका, खाज सुटली तरी. आधी जुन्यासारखंच चुकू द्या.

मराठी नावं असतील तर थांबा. यूटीएफ-८ मधल्या साध्या स्ट्रिंगची लांबी पायथन २ बाइट्समध्ये मोजतं: 'मराठी' ची १५. पायथन ३ म्हणतं ५. ठरावीक रुंदीच्या फाइलसाठी कोणी नाव ३० वर कापलं असेल, तर जुन्यात दहाच अक्षरखुणा जायच्या, नव्यात तीस जातात, म्हणजे नव्वद बाइट्स, आणि पुढचे सगळे रकाने सरकतात. फाइल उघडताना एन्कोडिंग लिहाच, विंडोजवर तर न चुकता.

बाकी भराभर. ओळीच्या सुरुवातीला टॅब आणि स्पेसची खिचडी ३ ला चालत नाही. नन (None, म्हणजे रिकामी किंमत) आणि आकडा एकाच यादीत सॉर्ट केले तर प्रोग्राम पडतो. जुन्या पिकल फाइलींत (पायथननं डेटा जसाच्या तसा साठवलेल्या) मराठी असेल तर त्या उघडून बघा. नवा प्रोग्राम जुन्याच्या शेजारी निदान एक महिनाअखेर चालू द्या, आणि जुनं मशीन फॉरमॅट करू नका, कोणी कितीही मागितलं तरी.

पासबुक छापणारा प्रिंटर खरं पासबुक घालून चालवा. त्याच्या पोर्टला आता बाइट्सच द्यावे लागतात.