नवतपा यायच्या आधी मुळाशी बुरशी बसवा

नागपुरात गच्चीवर झाडं लावणाऱ्यांची मे महिन्यातली तक्रार एकच, सकाळ-संध्याकाळ पाणी घालतोय तरी झाड मान टाकतं. मी पण कितीक वर्षं हेच रडत होते. मग एकदा दुकानातून मायकोरायझाची, म्हणजे मुळासोबत राहून झाडाला मदत करणाऱ्या बुरशीची, पुडी आणली, भर मे महिन्यात सगळ्या कुंड्यांत ओतली आणि काहीएक झालं नाही. पुडीला शिव्या घातल्या, पण चूक माझी होती. जंतू म्हणजे काही ओआरएस नाही, चक्कर आली की पाजलं. मुळाशी त्यांचं बस्तान बसायला चार-सहा आठवडे लागतात आणि तेही मूळ धड असताना, त्यामुळे जे काय करायचं ते फेब्रुवारी-मार्चमध्येच, नवतपा म्हणजे मे अखेरचे ते तापते नऊ दिवस यायच्या खूप आधी. २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते, तसल्या उन्हात नवीन सोयरीक कोण जुळवणार!

आता हे जंतू करतात काय ते थोडक्यात. झाडाला तहान लागली, ऊन लागलं किंवा मुळाशी पाणी साचलं की ते एथिलीन जास्त बनवायला लागतं, ज्याने केळी पिकवतात तोच वायू. तो वाढला की मुळांची वाढ थांबते, म्हणजे पाणी शोधायची जेव्हा सगळ्यात जास्त गरज तेव्हाच मूळ बसून राहतं. मुळाजवळच्या काही बॅक्टेरियांकडे असं एन्झाइम असतं की एथिलीनचा कच्चा माल मुळातून बाहेर झिरपला की ते खाऊन टाकतात, मग एथिलीन कमी बनतं आणि मूळ चालत राहतं. बुरशीचं काम वेगळं. मायकोरायझाचे धागे मुळाच्या केसांपेक्षाही बारीक, आणि आपल्या काळ्या मातीत तर पाणी असूनही झाडाला मिळत नाही, चिकणमाती ते इतकं घट्ट धरून ठेवते. जिथे मूळ शिरत नाही तिथे हा धागा शिरतो, पाणी आणि फॉस्फरस घेऊन येतो, बदल्यात झाड त्याला साखर देतं. फुकट कोणीच काही करत नाही.

अमेरिकेत यलोस्टोनच्या गरम झऱ्यांजवळ एक गवत आहे, ६५ अंश तापलेल्या मातीत जगतं. ते गवत, त्याच्या आतली बुरशी आणि त्या बुरशीच्या आतला एक व्हायरस, असे तिघं सोबत असले तरच हे जमतं. गवत आणि बुरशी वेगळी केली तर ३८ च्या वर दोघांपैकी एकही टिकत नाही, हे २००७ मध्ये छापून आलं. आपल्या कुंडीत असला चमत्कार होणार नाही, पण सोबत म्हणजे काय ते कळतं.

तर आता मायकोरायझा घरी कसा वाढवायचा ते सांगते, कारण ही बुरशी जिवंत मुळावरच वाढते, ताकाच्या विरजणासारखी डब्यात नाही लावता येत. दिवाळी झाली की एखाद्या न नांगरलेल्या धुऱ्यावरची म्हणजे बांधावरची, जुन्या कडुलिंबाखालची किंवा गवताच्या बुडाची माती घ्या, वरची कचरा-पाल्याची बाजूला सारून खालची वीतभर, बारीक मुळांसकट. वांगी-टमाट्याच्या वाफ्यातली घेऊ नका, त्यात सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक जंत, असतात, मुळावर गाठी-गाठी दिसल्या की ती माती सोडूनच द्या. ही माती आणि धुतलेली रेती निम्मी-निम्मी करा, खालून भोकं असलेल्या मोठ्या कुंडीत भरा आणि त्यात दाट जवारी पेरा. डीएपी किंवा सुपर फॉस्फेट अजिबात नाही. फॉस्फरस आयता मिळाला की झाड बुरशीला दारातही उभं करत नाही. अगदीच पिवळी पडली तर थोडं गांडूळखत, बस.

माझे सासरे काटोलकडचे, संत्र्याच्या बागेत आयुष्य गेलं. गच्चीवर आले आणि कुंडीकडे बघून म्हणाले, "काऊन बाई, कूलरच्या बाजूला जवारी काऊन पेरली?" मी म्हटलं, मामाजी, जवारी खायची नाही, तिची मुळं पाहिजेत. मग पुढचं सांगितलं तेव्हा मात्र ते हसले, कारण ते त्यांच्या धंद्यातलंच निघालं. तीन-साडेतीन महिने जवारी वाढवायची आणि मग दहा दिवस पाणी बंद. झाड वाळायला लागलं की बुरशीला कळतं आपला दाणापाणी संपत आला आणि ती बीजाणू पाडते. संत्र्याला आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडतात ना, त्याला ताण देणंच म्हणतात, तसाच हा कुंडीतला ताण. मग वरची धांडं कापून टाका, माती उलटी करा, मुळं कात्रीने बारीक कापून त्याच मातीत मिसळा. हेच तुमचं विरजण. सावलीत सुकवून कापडी पिशवीत ठेवलं तर त्या वर्षी वापरता येतं.

वापरताना एकच नियम, मुळाला लागलं पाहिजे. वरून भुरभुरवून काही होत नाही. फेब्रुवारीत भेंडी, वांगं, मिरची लावताना खड्ड्यात मूठभर टाकायचं आणि त्यावरच रोप किंवा बी. कोबी, मुळा, मोहरी, पालक यांच्यावर वाया घालवू नका, ही मंडळी या बुरशीशी नातंच ठेवत नाहीत. ट्रायकोडर्मा, म्हणजे मूळ कुजवणाऱ्या रोगांवर देतात ती बुरशी, पण द्यायचा असेल तर शेणखतात मिसळून ओलसर करून सावलीत दहा-पंधरा दिवस ठेवा आणि मग द्या. मी दोन्ही एकदम टाकत नाही, दोनेक आठवडे मध्ये सोडते, कारण ट्रायकोडर्मा हा दुसऱ्या बुरश्या खाणाराच गडी आहे.

चवळीला रायझोबियम सोपं, म्हणजे मुळावर गाठी करून हवेतला नायट्रोजन झाडाला देणारे बॅक्टेरिया. गुळाचं पाणी उकळून थंड करायचं, रायझोबियमचा हिशोब किलोभर बियांना २५ ग्रॅम, घरच्या मूठभर बियांना चमचाभर पुरतं, बी त्या पाण्याने ओलं करून ते चोळायचं आणि सावलीत वाळवून लगेच पेरायचं. बुरशीनाशक लावलेलं बी असेल तर रायझोबियम सगळ्यात शेवटी. महिना-सव्वा महिन्याने एक रोप हळूच उपटा, मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर दिसली तर काम चालू आहे, तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा असतो. हिरवट किंवा भुरी निघाली म्हणजे गाठ संपली. मी गेल्या एप्रिलच्या शेवटी काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतलं रोप उपटलं तर सगळ्या गाठी भुऱ्या, आणि बाजूच्या मातीच्या कुंडीतलं, गोणपाटाने झाकलेलं, त्यात अजून गुलाबी. बी एकच, दिवस एकच. काळ्या पिशवीतल्या मातीत बोट खुपसलं तर चटका बसला, मग त्यात मूळ काय आणि जंतू काय.

म्हणून एप्रिलपासून काळ्या पिशव्या बंद, कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवायच्या, बाहेरून चुना मारायचा, वर तीन-चार बोटं तुरीचा भुसा नाहीतर वाळला पाला आणि हिरवी जाळी. स्लॅबवरच्या टाकीचं दुपारचं पाणी घालू नका, हात भाजतो इतकं तापलेलं असतं. नळाच्या क्लोरीनने सगळे जंतू मरतात म्हणतात, तेवढं मनावर घेऊ नका.

पावसाळ्याचा ताण उलटा असतो. काळ्या मातीत पाणी तुंबलं की मुळाला हवा मिळत नाही आणि फायटोप्थोरा, मुळं कुजवणारा बुरशीसारखा जंतू, पोहत येतो, खरंच पोहतो, त्याच्या बीजाणूंना शेपट्या असतात. संत्र्याला डिंक्या होतो, बुंध्यातून डिंक गळतो, तो यानेच. बागेत रोपं उंच गादीवर लावा, ओळींमधून चर काढा, आणि ट्रायकोडर्मा घातलेलं शेणखत बुंध्याला नाही तर झाडाच्या घेराखाली, बारीक मुळं असतात तिथे. डिंक्यावर बुंध्याला लावतात ती बोर्डो पेस्ट बुंध्यापुरतीच, ती मोरचूद आणि चुन्याची असते, मुळाशी सांडली तर आणलेली बुरशी गेली. संत्र्याच्या मुळांना केस फार कमी, त्यामुळे मायकोरायझावर त्याची भिस्त बाकी झाडांपेक्षा जास्त, नर्सरीतून जंबेरीवरचं (रानटी लिंबाच्या खुंटावर बांधलेलं) कलम आणलं की खड्ड्यात आपली मूठभर माती टाकाच.

मामाजींनी यंदा जवारीच्या दोन कुंड्या मागितल्या आहेत. त्यातल्या एकीची कणसं पोपटांनी आत्ताच साफ केली, पण मुळं शाबूत आहेत, चालतं.