बार्बाडोसच्या किनाऱ्यावर दोघांचा निवांत दिवस: बडोदेकरांसाठी मार्गदर्शन

कॅरिबियन बेटांची सहल ठरली की आपल्याकडे आधी यादी तयार होते. गुहा, रमचे कारखाने, कॅटमरान या जुळ्या बुडाच्या बोटीची सफर, बाजार, आणि एवढ्या लांब जायचे तर काही सुटता कामा नये, या हिशेबाने एकेका दिवसात तीन-तीन ठिकाणे कोंबली जातात. किनाऱ्यावर नुसते बसण्याचा दिवस अशा यादीत आपोआप येत नाही. तो मुद्दाम राखून ठेवावा लागतो आणि त्या दिवशी एकच किनारा, एकच सावली व एकच जेवण एवढेच ठरवावे लागते. पुढील माहिती बार्बाडोसपुरती आहे. भारतीय पासपोर्टधारकांना तेथे पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा लागत नाही, पण विमान लंडन किंवा अमेरिकेमार्गे असेल तर वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा बहुधा लागतो. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वीच ते तपासून घ्यावे.

ऋतूची निवड सोपी आहे. डिसेंबर ते मे हे महिने कोरडे असतात, तर 1 जून ते 30 नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम मानला जातो. बडोदेकरांना याचे एक उदाहरण तोंडपाठ असेल. 29 जून 2024 रोजी बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाउन येथील केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर आपल्या बडोद्याकडून खेळणाऱ्या हार्दिक पंड्याने शेवटचे षटक टाकून विश्वचषक जिंकून दिला, आणि लगेच आलेल्या बेरिल चक्रीवादळामुळे विमानतळ बंद होऊन विजेता संघच बेटावर अडकून पडला. ज्यांना परतीची तारीख पुढे ढकलणे शक्य नाही, त्यांनी हा हंगाम टाळावा.

विश्रांतीचा दिवस सहलीच्या शेवटी ठेवण्याची पद्धत आहे, पण माझ्या मते तो पोहोचल्यानंतरचा पहिला पूर्ण दिवस असावा. बार्बाडोसचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, त्यामुळे पहिले काही दिवस पहाटे तीन-चारलाच डोळे उघडतात आणि दुपारी जेवणानंतर झोप अनावर होते. स्थळदर्शनासाठी ही अडचणच ठरते, परंतु किनाऱ्याच्या दिवसाला असेच वेळापत्रक हवे असते.

आता किनाऱ्याची निवड, कारण दिवस चांगला जाणार की नाही हे बरेचसे यावरच ठरते. व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात आणि अटलांटिकच्या लाटा बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर थेट आदळतात. बाथशीबा हे तिकडचे गाव अत्यंत देखणे आहे, लाटांवर फळी घेऊन स्वार होणारे तेथे जगभरातून येतात, पण पोहण्यासाठी ते धोकादायक आहे. शिवाय 2011 पासून सार्गासम नावाचे तपकिरी समुद्री शेवाळ ज्या वर्षी मोठ्या प्रमाणात येते, त्या वर्षी त्याचे कुजणारे ढीग मुख्यतः पूर्व आणि दक्षिण बाजूला साचतात. पश्चिम किनारा मात्र बेटाच्या आडोशाला असल्याने तेथील पाणी शांत असते. ब्रिजटाउनला लागून असलेला कार्लाइल बे किंवा त्याच्या उत्तरेकडील पेन्स बे यांपैकी एक निवडावा आणि दुसऱ्याचा विचार त्या दिवसापुरता सोडून द्यावा. हॉटेल कितीही महागडे असले तरी त्याच्यासमोरची वाळू सार्वजनिक असते, त्यामुळे आपले हॉटेल दुसरीकडे आहे म्हणून संकोच करण्याचे कारण नाही.

आपल्याकडून समुद्र पाहायचा तर कावी-कंबोईला भरतीत बुडणारे स्तंभेश्वराचे मंदिर पाहतात. खंभातच्या आखातातील भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरपर्यंत जातो आणि ओहोटीला मागे उरतो तो नुसता चिखल. बार्बाडोसला हा फरक मीटरभरही नसतो. त्यामुळे भरतीचे वेळापत्रक पाहून निघण्याची सवय तेथे उपयोगाची नाही. पाहायचे ते ऊन.

तेथील ऊन फसवे असते. सतत वारा असल्यामुळे घाम लगेच वाळतो आणि अंग भाजत असल्याचे जाणवत नाही. बार्बाडोस तेरा अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि बडोदे बावीस अंशांच्या पुढे, म्हणून डिसेंबरातही तेथला सूर्य आपल्यापेक्षा बराच वर असतो. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. बडोद्यात सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमारास, तर तेथे बाराच्या ठोक्याला, त्यामुळे घड्याळाप्रमाणे सकाळ लवकर संपते. सहा-साडेसहाला वाळूवर पोहोचावे, दहापर्यंत पाण्यात व किनाऱ्यावर राहावे, दहा ते तीन पूर्ण सावलीत किंवा खोलीत घालवावे आणि तीननंतर सूर्यास्तापर्यंत पुन्हा बाहेर यावे. पश्चिम किनाऱ्याचा एक फायदा येथे कामी येतो: झाडे वाळूच्या पूर्वेला असल्यामुळे सकाळी त्यांची सावली थेट वाळूवर पडते आणि छत्री भाड्याने घ्यावी लागत नाही. दुपारनंतर मात्र ती लागते. छत्री व आरामखुर्च्यांचे भाडे आधी विचारावे, आणि सांगितलेला आकडा बार्बाडोस डॉलरमधला आहे की अमेरिकी डॉलरमधला, हेही विचारावे, कारण एका अमेरिकी डॉलरचे दोन बार्बाडोस डॉलर होतात आणि दोन्ही चलने व्यवहारात चालतात. कोणाशीही बोलताना थेट भावावर येऊ नये. आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणण्याचा तेथे रिवाज आहे आणि तो न पाळणारा माणूस उद्धट समजला जातो.

सावलीची जागा शोधताना एका झाडाला मात्र ओळखून असावे. मँचिनील हे किनाऱ्यावरचे सदाहरित झाड आहे. पाने चकचकीत, फळ मोठ्या आवळ्याएवढे, हिरवट पिवळे आणि गोड वासाचे. त्याचा पांढरा चीक त्वचेवर फोड आणतो, फळ खाल्ल्यास घसा सुजतो आणि पावसात त्या झाडाखाली उभे राहिले तरी पानांवरून ओघळणारे पाणी अंग भाजून काढते. बऱ्याच ठिकाणी त्याच्या खोडाभोवती लाल रंगाचा पट्टा मारलेला असतो किंवा पाटी लावलेली असते. लाल पट्टा दिसला की चटई उचलून पुढे जावे आणि खाली पडलेल्या फळाला हात लावू नये.

कपड्यांचा प्रश्न आपल्याकडे कुजबुजत चर्चिला जातो, म्हणून स्पष्ट लिहितो. सुती कुर्ता, लेगिंग किंवा ओढणी ओली झाली की जड होऊन अंगाला ओढते आणि पोहताना ते धोक्याचे असते. पूर्ण बाह्यांचा, चटकन वाळणारा पोहण्याचा पोशाख मिळतो. तो दोघांनीही घ्यावा. ऊन आणि संकोच दोन्हींपासून तो बचाव करतो. पोहण्याच्या पोशाखात दुकानात किंवा बसमध्ये शिरणे तेथे असभ्य मानले जाते, तेव्हा वरून घालायचा सैल कपडा जवळ ठेवावा. कॅमोफ्लाज, म्हणजे लष्करी छापाचा कोणताही कपडा बार्बाडोसमध्ये कायद्याने वापरता येत नाही, मग ती लहानशी टोपी का असेना. मंगळसूत्र, अंगठ्या आणि बांगड्या हॉटेलच्या तिजोरीत पासपोर्टसोबत ठेवाव्यात, कारण पाण्यात बोटे आकसतात आणि अंगठी कधी सुटली ते कळतही नाही.

पाण्यात उतरताना लक्षात ठेवायचे ते असे की पश्चिम किनाऱ्यावर वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. समोरचे पाणी शांत दिसते, पण हवा भरलेली गादी किंवा रिंग घेऊन पहुडलेला माणूस हळूहळू आत सरकत जातो. पोहता न येणाऱ्याने अशी साधने घेऊच नयेत, कंबरभर पाण्यात उभे राहावे. दोघांपैकी एकालाच पोहता येत असेल, आणि आपल्याकडे बहुधा तसेच असते, तर पोहणाऱ्याने किनाऱ्याला समांतर पोहावे आणि दुसऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात राहावे. दोघेही पाण्यात असताना सामानाची काळजी नको म्हणून वाळूवर नेण्याच्या पिशवीत थोडी रोकड, पाण्याची बाटली, सनस्क्रीन आणि टॉवेल यांपलीकडे काही ठेवूच नये. सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि प्रत्येक डुबकीनंतर लावावे. पाठ दुसऱ्याने चोळावी. एकट्याने लावलेल्या पाठीवर संध्याकाळी बोटांचे लाल पट्टे उमटलेले दिसतात. कार्लाइल बेमध्ये उथळ पाण्यात बुडालेली जुनी जहाजे आहेत आणि समुद्री कासवे वावरतात. पाण्याखाली पाहण्याचा चष्मा लावून त्यांना पाहावे, पण हात लावू नये व काही खाऊ घालू नये. जेट स्कीवाले वारंवार विचारतील, त्यांना एकदा हसून नको म्हटले की पुरते.

जेवणाची चिंता शाकाहारी मंडळींना अधिक असते, आणि ती काही अंशी योग्य आहे. भात आणि कडधान्य एकत्र शिजवलेला पदार्थ वरवर शाकाहारी दिसतो, पण त्यात खारवलेले मांस घालण्याची पद्धत आहे, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नये. भाजलेला नीरफणस, तळलेली केळी आणि शहाळे निर्धास्त घ्यावे. सर्वांत सोयीची ती बटाटा-चण्याची रोटी. भाजी गुंडाळलेली ही पातळ पोळी गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांकडून त्रिनिदादमार्गे बार्बाडोसला आली. बेटावर सुरतेकडून गेलेल्या गुजराती कुटुंबांची वस्तीही जुनी आहे, त्यामुळे दुकानात अचानक ‘केम छो’ ऐकू आले तर दचकू नये. मांसाहार करणाऱ्यांनी ‘ब्रेड अँड टू’ मागावे: गोल पाव मधोमध चिरून त्यात खाऱ्या माशाची दोन गरम भजी दाबलेली असतात आणि वर तिखट पिवळा सॉस. तो सॉस आपल्या जिभेलाही झोंबतो, म्हणून प्रथम थेंबभरच घ्यावा. रम पंच प्यायचे असेल तर दिवसातली शेवटची डुबकी आटोपल्यावर. त्याची गोडी अंमल लपवते, आणि गुजरातेतून गेलेल्याला सुट्टीवर आवर घालणे थोडे जड जाते. परतताना बाटली मात्र सामानात नको. बडोद्यातील दारूबंदीचा कायदा त्यामुळे बदलत नाही.

परतीसाठी बस सोपी पडते. थांब्यावर ‘टू सिटी’ किंवा ‘आउट ऑफ सिटी’ एवढेच लिहिलेले असते. ब्रिजटाउनकडे जायचे तर पहिल्या, तेथून दूर जायचे तर दुसऱ्या थांब्यावर उभे राहावे. टॅक्सीला मीटर नसतो, तेव्हा भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. डिसेंबरात सूर्य सहाच्या आतच मावळतो आणि लगेच डास व वाळूतल्या माश्या चावू लागतात, म्हणून पिशवीत डासांचे मलम असावे. खोलीवर येताच गोड्या पाण्याने अंग व कपडे धुवावेत आणि भाजल्यासारख्या त्वचेवर कोरफडीचा गर लावावा. घरच्यांना फोन सकाळच्या न्याहारीच्या वेळी करावा, कारण तेथे आठ वाजले की बडोद्यात संध्याकाळचे साडेपाच होतात. सूर्यास्ताचे फोटो कुटुंबाच्या गटावर लगेच टाकले तर दांडिया बाजारात पहाटे साडेतीनला फोन वाजू लागतील, आणि आई विचारील, ‘काय झालं?’