सोयाबीनला नांगे पडले? वायरवर्मच्या बाबतीत या चुका टाळा

सोयाबीन उगवलं आणि तासात, म्हणजे पेरलेल्या ओळीत, जागोजागी नांगे (बी न उगवलेल्या मोकळ्या जागा) दिसू लागले, की पहिला दोष बियाण्याला जातो, दुसरा पावसाला. नांगा पडलेल्या जागी खुरप्याने दोन-तीन इंच माती उकरून पाहणं मात्र राहून जातं. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

बारीक, तारेसारखी ताठ, चकचकीत पिवळसर-तपकिरी अळी आणि पुढच्या बाजूला पायांच्या तीन जोड्या दिसल्या, तर ती वायरवर्म. उताणा पडला की 'टक्' असा आवाज करत उसळून सुलटा होणारा लांबट भुंगेरा दिव्याजवळ येतो ना, त्याचीच ही अळी. ती बी आतून पोखरते, कोंब जमिनीखालीच कुरतडते. अळी पांढरी, मऊ आणि अर्धगोल वळलेली असेल तर ती हुमणी. शेकड्याने पाय आणि हात लावताच अंगाची गुंडाळी, ती वाणी. वाणीला धुऱ्यावरचा (बांधावरचा) पालापाचोळा लागतो, हुमणीला अर्धकच्चं शेणखत मानवतं. म्हणून ओळख आधी, औषध नंतर.

घाईघाईत पिकावर फवारा मारला तर औषध पानावर राहतं, अळी मातीतच. काही जण अजूनही फोरेट हे जमिनीत टाकायचं दाणेदार कीटकनाशक मागतात. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, दुकानदाराने दिलं तरी घेऊ नका.

खरं काम पेरणीआधीचं. पहिल्या पावसाने माती ओलावली की बटाट्याच्या फोडी वावरात चार-सहा ठिकाणी दोन-तीन इंच खोल पुरा, शेजारी काडी रोवा, आठवड्याने उकरा. फोडीत अळ्या शिरलेल्या दिसल्या तर बीजप्रक्रिया, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध चोळणं, टाळूच नका. घरचं बियाणं तसंच पेरलं जातं, तिथे नुकसान जास्त. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम (मुळांवर गाठी करणारं जिवाणू खत) हा क्रम ठेवा, आणि लेबलवर सोयाबीन लिहिलेलं असेल तेच औषध वापरा. बी तीन ते पाच सेंटिमीटरवरच पेरा, त्याहून खोल नको. वर यायला उशीर लागला की अळीला तेवढाच वेळ मिळतो.

नांगे भरताना किंवा दुबार पेरणी करतानाही बियाण्याला प्रक्रिया हवीच. पहिलं बी खाल्लेली अळी त्याच तासात असते, आणि अनेक जातींची अळी वर्षापेक्षा जास्त काळ जमिनीत राहते.