‘टेन्शन नको घेऊ’ म्हणण्याआधी थांबा: जगणं नकोसं झालेल्या माणसाशी वागताना या चुका टाळा

नागपुरात मानेवाडा रिंग रोडपासून थोडं आत आमचं घर आहे. वरच्या मजल्यावर तीन खोल्या आहेत आणि गेली अकरा वर्षं तिथे नीट-जेईईची तयारी करणारी पोट्टी राहतात. कोणी वणीचं, कोणी तिरोड्याचं, कोणी पुसदचं. सगळी मला काकू म्हणतात. तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्यांच्यातल्या एकाने आपली गिअरची सायकल आमच्या दूधवाल्याच्या पोराला देऊन टाकली. मी शेजारणीला कौतुकाने सांगितलं, किती मोठ्या मनाचं पोरगं आहे बघ. आठ दिवसांनी रात्री दीड वाजता त्याचा रूम पार्टनर खाली येऊन आमचं दार बडवत होता, “काकू, लवकर वर या ना, त्याले पाहा.”

तो वाचला. आज फार्मसी शिकतो आहे, आणि त्याला विचारूनच हे लिहिते आहे. त्या रात्रीच्या आधीचे दोन महिने मी कुठे कुठे चुकले, ते मला डॉक्टरांनी आणि समुपदेशकांनी सांगितलं, पण सगळ्यात जास्त त्यानेच सांगितलं. माझ्यासारख्याच चुका पुढे कितीतरी घरांत पाहिल्या. करणारी सगळी मायेची माणसं होती.

वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या स्वतःच्याच मनात असे विचार चालू असतील, तर बाकीचं नंतर वाचा. आधी 14416 लावा. हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. फोन करायचा धीर होत नसेल तर घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाजवळ जाऊन नुसतं बसा आणि म्हणा, “मला एकटं सोडू नका.”

चूक: एकेक गोष्ट सुटी सुटी पाहणं

सायकल मी पाहिली होती. मेसचा डबा न उघडता परत जातो, हे डबेवाल्या ताईंनी पाहिलं होतं. पहाटे चारपर्यंत त्याच्या खोलीचा दिवा जळतो, हे समोरच्या घरातल्या आजोबांना माहीत होतं. आईचे फोन तो दोन मिनिटांत संपवतो, हे पार्टनरला ठाऊक होतं. “माझ्यामुळे बाबांची पऱ्हाटी (कापूस) विकली जाते आणि मी इथे नुसता बसून आहे,” असं तो क्लासमधल्या मित्राला बोलला होता. पाच जणांकडे पाच तुकडे होते आणि ते कोणी एकमेकांशेजारी ठेवले नाहीत.

माणूस मुळात कसा आहे आणि आता कसा वागतोय, यातला फरक पाहायचा. मुळातच अबोल असलेलं पोरगं गप्प बसलं तर त्यात विशेष काही नसतं. बडबडं पोरगं तीन आठवडे गप्प असेल तर आहे. झोप उडणं किंवा दिवसभर झोपून राहणं, जेवण सुटणं, अंघोळीचा कंटाळा, मित्रांना टाळणं, दारू एकदम वाढणं, चिडचिड, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, जुन्या लोकांना फोन करून माफी मागणं, “मी नसलो तर तुमचं बरं होईल” असं बोलणं, मरण्याच्या साधनांची चौकशी करणं. शेतकरी घरात हे वेगळ्या रूपात दिसतं. बाप एके दिवशी बायकोला बसवून सातबारा, बँकेचं पासबुक, विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते समजावून सांगतो. बायकोला वाटतं, चला, घरात लक्ष घालायला लागले.

एका खुणेने माझी आजही झोप उडते. बरेच दिवस कोमेजलेला माणूस एकाएकी शांत आणि हलका दिसू लागतो. कधी तो खरंच सावरलेला असतो. कधी मात्र मनातली ओढाताण संपून निर्णय झालेला असतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून त्या दिवशी जवळ बसून विचारायचंच. आधी कधी स्वतःला इजा करून घेण्याचा प्रयत्न झाला असेल, तर कुठलीच खूण लहान समजू नका. पुढच्या धोक्याची त्याहून मोठी सूचना नाही.

चूक: “जो बोलतो तो करत नाही”

ही म्हण इतवारीच्या दुकानापासून कॉलेजच्या स्टाफरूमपर्यंत मी ऐकली आहे आणि ती साफ खोटी आहे. जीव देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी आधी कोणाला तरी, कुठल्या तरी शब्दांत, सांगितलेलं असतं. “नाटकं करतो”, “लक्ष वेधून घ्यायला करते” असं म्हणून आपण त्या माणसाचं शेवटचं दार लावून घेतो. आणि समजा, लक्ष वेधून घ्यायचंच असेल, तरी ज्याला त्यासाठी मरणाची भाषा बोलावी लागते त्याच्याकडे लक्ष द्यायला नको का?

चूक: विचारायला घाबरणं

“असं काही विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं भरेल.” मलाही हेच वाटायचं. आजवरचा अभ्यास याच्या उलट सांगतो. सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बहुतेकांच्या मनावरचं ओझं उतरतं. माझ्याकडच्या पोराने नंतर सांगितलं, “काकू, तुम्ही रोज विचारायच्या, जेवला का, अभ्यास झाला का. एकदा जरी विचारलं असतं की मराचं वाटते का, तर मी हो म्हटलं असतं.”

मराठीत आपण या विषयाला आडवळणाने हात लावतो. “जिवाचं काही बरंवाईट तर करणार नाहीस ना?” या प्रश्नातच उत्तर दडलेलं आहे. समोरच्याला “नाही” म्हणायलाच लावणारा तो प्रश्न आहे. त्यापेक्षा गच्चीवर किंवा चहाच्या टपरीवर, चारचौघांपासून बाजूला, असं बोला: “महिनाभरापासून तू डबा खात नाहीस, रात्रभर जागतोस. मला तुझी काळजी वाटते. तुला मरून जावंसं वाटतं का? आत्महत्येचा विचार येतो का?”

मग गप्प राहा. ही शांतता फार जड जाते, तरी आपण ती भरायची नाही.

उत्तर “हो” आलं तर दचकू नका, ओरडू नका, रडू नका. “बरं झालं सांगितलंस” एवढं म्हणा. मग हळूहळू पुढचं विचारा. हे विचार केव्हापासून येतात? कसं करायचं ते ठरवलंय का? त्यासाठी लागणारं जवळ आहे का? कधी करायचं ठरवलंय? कसं, कशाने, केव्हा हे ठरलेलं असेल तर आजच मदत लागणार आहे. तोवर त्या माणसाला एक मिनिटही एकटं सोडू नका.

चूक: समजूत घालणं

त्या दिवाळीत मी त्याला म्हणाले होते, “तुझे आईबाप पोटाला चिमटा काढून पैसे पाठवतात. तू नशीबवान आहेस रे, त्यांचा विचार कर.” मला वाटलं, धीर दिला. तो तर दिवसरात्र त्यांचाच विचार करत होता. त्याच्या छातीवरच्या दगडावर मी आणखी एक ठेवला.

“तुला काय कमी आहे?”, “आमच्या वेळी तर...”, “अमक्याच्या पोराकडे पाहा”, “देवाचं नाव घे”, “पॉझिटिव्ह विचार कर.” या सगळ्याचा अर्थ ऐकणाऱ्याला एकच लागतो: तुझं दुःख खोटं आहे. नैराश्य हा आजार आहे. टायफॉइड झालेल्याला आपण पॉझिटिव्ह विचार करायला सांगत नाही, दवाखान्यात नेतो. आणि कारण एकटी परीक्षाच असेल असंही धरून चालू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे 2022 साली देशात 1,70,924 जणांनी आत्महत्या केली, त्यातले 22,746 एकट्या महाराष्ट्रातले होते. राज्यांमध्ये हा आकडा सर्वांत मोठा होता. नोंदलेल्या कारणांत सगळ्यात वर कौटुंबिक अडचणी आणि त्याखालोखाल आजारपण होतं. म्हणजे घरातल्या गृहिणीला, दुखण्याने गांजलेल्या आजोबांना, नोकरी गेलेल्या मेव्हण्यालाही हाच प्रश्न विचारावा लागतो.

चूक: “कोणाला सांगणार नाही” हे वचन

देऊ नका. दिलं असेल तर मोडा. तो रागावेल, महिनाभर बोलणार नाही, चालेल. त्याऐवजी असं सांगा: “गावभर करणार नाही, पण तुला वाचवायला ज्याची गरज आहे त्याला सांगेन, आणि तुला विचारून सांगेन.”

चूक: घरातल्या वस्तू तशाच ठेवणं

जीव देण्याची तीव्र ऊर्मी लाटेसारखी येते आणि बरेचदा काही मिनिटांत, तासांत ओसरते. तेवढा वेळ माणूस आणि साधन यांच्यात अंतर राहिलं तर जीव वाचतो. फवारणीची औषधं घरात नकोत. ती कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे, शेजाऱ्याकडे द्या. झोपेच्या, बीपीच्या, कसल्याही गोळ्यांचा साठा एका जबाबदार माणसाने स्वतःकडे ठेवून रोजच्या रोज तेवढ्याच द्याव्यात. पोरगं भाड्याच्या खोलीत राहत असेल तर त्याला काही दिवस आपल्या बैठकीत झोपवा. मी आता तेच करते.

चूक: चुकीच्या दारात वेळ घालवणं

ताजबागच्या दर्ग्यात जायचं असेल, टेकडीच्या गणपतीला जायचं असेल, जरूर जा. त्यासाठी डॉक्टरांकडे जाणं मात्र पुढे ढकलू नका.

धोका आत्ताचा असेल, किंवा काही करून घेतलं असेल, तर 108 ला अॅम्ब्युलन्ससाठी किंवा 112 ला फोन करा, नाहीतर सरळ जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत न्या. नागपुरात मेडिकल असो की मेयो, या दोन्ही सरकारी रुग्णालयांची कॅज्युअल्टी रात्रीही चालू असते. “सकाळी पाहू” म्हणू नका, वरून बरा दिसत असला तरी.

धोका तितका तातडीचा नसेल तर मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स या तिन्ही ठिकाणी मनोविकार विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. कोराडी रस्त्यावर प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, 1864 पासूनचं. त्याला “पागलखाना” म्हणत म्हणतच आपण नागपूरकर लहानाचे मोठे झालो, आणि त्या एका शब्दामुळे किती माणसं त्या फाटकापर्यंत पोचली नसतील! तिथेही ओपीडी आहे. दाखवायचं, गोळ्या घ्यायच्या आणि घरी यायचं, असं तिथे होतं. गेलं की भरतीच करतात हा गैरसमज आहे.

कोणाकडे जायचं यातही लोक गोंधळतात. औषध लिहून देतात ते मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलून उपचार करतात. मरणाचे विचार येत असतील तर आधी डॉक्टर, बरोबरीने समुपदेशन. आठवडाभराचा कोर्स करून पाटी लावलेले “लाइफ कोच” या कामाचे नाहीत.

अडलं तर काय करायचं

तो यायलाच तयार नाही? “तुला डोक्याच्या डॉक्टरकडे नेतो” म्हणू नका. “झोप लागत नाही ना, त्यासाठी दाखवू, मी सोबत येते” म्हणा. तेही खोटं नाही. तरीही नाही म्हणाला तर त्याच्यासमोर 14416 लावून स्पीकरवर आधी तुम्ही स्वतः बोला. घरच्या माणसांनाही तिथे सल्ला मिळतो आणि गरज पडली तर पुढे मनोविकारतज्ज्ञांशी जोडून देतात.

पहिले डॉक्टर पटले नाहीत? दुसरे पाहा. उपचार सोडू नका.

गोळ्यांनी फरक पडत नाही? नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. सुरुवातीच्या दिवसांत, विशेषतः तरुणांमध्ये, अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढूही शकतात. तसं झालं तर लगेच डॉक्टरांना कळवा. मनाने गोळ्या बंद करू नका, आणि बरं वाटायला लागलं म्हणूनही नाही.

पोलिसांची भीती? याच भीतीपायी लोक पेशंटला घरीच ठेवतात आणि वेळ निघून जाते. दवाखाना पोलिसांना कळवतो, जबाब होतो, ते खरं आहे. पण 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 प्रमाणे, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्या प्रयत्नासाठी त्याला शिक्षा करता येत नाही, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायला हवं, हेही याच कायद्यात आहे.

चूक: घरी आणलं की विषय संपला असं समजणं

दवाखान्यातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे आणि महिने सगळ्यात नाजूक असतात. नेमके तेव्हाच पाहुणे येणं थांबतं आणि घरचे म्हणतात, झालं गेलं विसरून जा. तो विसरलेला नसतो. पुढची तारीख चुकू देऊ नका. डॉक्टरांसोबत बसून एका कागदावर लिहून घ्या: विचार यायला लागले की आधी काय जाणवतं, तेव्हा काय केलं की बरं वाटतं, कोणाला फोन करायचा, ते उचलत नसतील तर कोणाला. माझ्याकडच्या पोराचा तो कागद अजून त्याच्या पाकिटात आहे. त्यावर तिसरा नंबर माझा आहे.

आणखी एक चूक मला फार उशिरा दिसली. त्या रात्री दार बडवणारा पार्टनर. सगळे त्याला शाबासकी देऊन मोकळे झालो. पुढे तो रात्री तीन-तीनदा उठून शेजारच्या खाटेकडे पाहायचा. खाट रिकामीच होती, दुसरा तर गावी गेलेला. चाचणीत मार्क घसरले तेव्हा क्लासवाल्यांनी त्याच्या बाबांना फोन केला. सहा महिन्यांनी मी त्याला जिन्यात थांबवून विचारलं, “तुला कसं वाटतं रे? तुलाही कधी मरावंसं वाटतं का?” तो तिथेच पायरीवर बसला आणि खूप रडला. “नाही काकू, पण मले कोणी विचारलंच नाही,” म्हणाला. मी खालून पाणी आणलं. मग त्याच पायरीवर बसून आम्ही दोघांनी 14416 लावला.